बंदुकीचा धाक आणि बंदुकीचा मारा

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातील दाल बाजार ही डाळी आणि धान्याच्या घाऊक व्यापाराची पेठ. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला आपल्या फौजेचा तळ दिला. त्या तळाचेच पुढे शहर झाले आणि नावही लश्कर असेच राहिले. घाऊक पेठेतील व्यापाऱ्याला दिवसभर रोकड हाताळावी लागते आणि दुकान वाढवल्यावर ती घरी किंवा बँकेत न्यावी लागते. हा प्रवास काही मिनिटांचा असला, तरी जोखीम सर्वाधिक असते ती त्याच मिनिटांत. अशा शहरात, आणि तेही चंबळच्या खोऱ्यालगत, व्यापाऱ्याने बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज करावा यात कोणाला नवल वाटत नाही.

ही बंदूक घेणाऱ्याच्या मनात मात्र दोन निरनिराळ्या अपेक्षांची सरमिसळ झालेली असते. पहिली अपेक्षा अशी की, बंदूक आहे हे कळल्यावर कोणी वाटेला जाणार नाही. ही धाकाची अपेक्षा. दुसरी अशी की, कोणी वाटेला गेलाच, तर बंदूक त्याला रोखेल. ही माऱ्याची अपेक्षा. दोन्ही गोष्टी एकाच शस्त्रातून आपोआप मिळतात, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात धाक आणि मारा यांची यंत्रणा वेगळी आहे, त्यांच्या अटी वेगळ्या आहेत आणि पुष्कळदा त्या परस्परांच्या आड येतात. गोव्यातही स्वसंरक्षणासाठी आणि शेतीरक्षणासाठी शस्त्रपरवाने दिले जातात. म्हणून ग्वाल्हेरचा अनुभव येथील वाचकांनीही समजून घेण्याजोगा आहे.

चंबळचा वारसा

ग्वाल्हेर, भिंड, मुरैना या पट्ट्यात बंदुकीला जे स्थान आहे, त्यामागे बिहडांचा इतिहास आहे. पाण्याने कापलेल्या घळींच्या या प्रदेशात दरोडेखोरांच्या टोळ्यांनी कित्येक दशके वास्तव्य केले. पोलीस ठाणे दूर, रस्ते तुटपुंजे आणि जमिनीवरून, मानापमानावरून पिढ्यान्पिढ्या चालणारी वैरे, अशा परिस्थितीत घरात बंदूक असणे ही गरजच मानली गेली. मे १९६० मध्ये विनोबा भावे यांनी या भागात पदयात्रा केली, तेव्हा सुमारे वीस दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. एप्रिल १९७२ मध्ये मुरैना जिल्ह्यातील जौरा येथे जयप्रकाश नारायण यांच्या उपस्थितीत मोठे सामुदायिक समर्पण झाले. फेब्रुवारी १९८३ मध्ये फूलनदेवीने भिंडला शस्त्र खाली ठेवले.

टोळ्या गेल्या, तरी बंदूक राहिली. गरजेच्या जागी प्रतिष्ठा आली. खांद्यावर दुनळी अडकवून लग्नाला जाणे हे घराण्याच्या वजनाचे लक्षण ठरले. ही हौस किती खोल आहे, हे प्रशासनाच्या काही योजनांवरूनच दिसते. २००८ मध्ये शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषांच्या परवान्याच्या अर्जाला प्राधान्य देण्याची योजना राबवण्यात आली. २०१९ मध्ये ग्वाल्हेरच्या जिल्हा प्रशासनाने परवाना मागणाऱ्यांना दहा झाडे लावून त्यांसह छायाचित्र सादर करण्यास सांगितले आणि त्याच वर्षी हिवाळ्यात गोशाळेसाठी दहा ब्लँकेटे देण्याची अट घातली. ज्या वस्तूसाठी माणूस नसबंदीला तयार होतो, ती वस्तू केवळ संरक्षणाचे साधन उरलेली नसते. मागणी होती ती बव्हंशी धाकाची आणि मानाची. मारा करण्याची वेळ त्यातील फार थोड्यांवर येणार होती.

धाक कसा चालतो

धाक पोकळ असतो, असा याचा अर्थ नाही. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ जेम्स राइट आणि पीटर रॉसी यांनी दहा राज्यांच्या तुरुंगांतील अठराशेहून अधिक कैद्यांची पाहणी केली आणि १९८६ मध्ये तिचे निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले. समोरच्याकडे शस्त्र असावे या समजुतीने आपण कधी ना कधी गुन्ह्याचा बेत सोडून दिला, असे सुमारे ४० टक्के कैद्यांनी सांगितले. गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ यांच्या १९९५ च्या अभ्यासात स्वसंरक्षणार्थ बंदूक वापरल्याच्या ज्या घटना लोकांनी सांगितल्या, त्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यातच गोळी झाडली गेली होती. उरलेल्या घटनांत बंदूक दाखवणे किंवा तिचा उल्लेख करणे पुरेसे ठरले. या अभ्यासातील घटनांच्या एकूण संख्येबद्दल अभ्यासकांत तीव्र मतभेद आहेत. तरीही एक गोष्ट स्पष्ट होते. बंदूक उपयोगी पडते तेव्हा ती बहुधा न उडताच उपयोगी पडते.

बँकेच्या दारात दुनळी घेऊन उभा असलेला पहारेकरी हे याचे रोजच्या पाहण्यातील उदाहरण. त्याने वर्षानुवर्षे एकही गोळी झाडलेली नसते आणि तरीही त्याचा पगार वाया गेला असे कोणी म्हणत नाही. त्याचे काम दिसणे हेच आहे. आत शिरू पाहणाऱ्याने त्याला पाहावे, हिशेब करावा आणि परत फिरावे.

या हिशेबाला तीन गोष्टी लागतात. बंदूक दिसली पाहिजे किंवा ती आहे हे माहीत असले पाहिजे. ती चालवली जाईल असा विश्वास समोरच्याला वाटला पाहिजे. आणि समोरच्याकडे विचार करण्याइतका वेळ व शुद्ध असली पाहिजे. नशेत असलेला, संतापाने पेटलेला किंवा आधीच सर्वस्व गमावून बसलेला माणूस हिशेब करत नाही. त्याच्यापुढे धाक चालत नाही.

राइट आणि रॉसी यांच्या पाहणीतील आणखी एक निष्कर्ष सहसा सांगितला जात नाही. गुन्ह्याच्या वेळी बंदूक बाळगणाऱ्या कैद्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी, समोरचा सशस्त्र असण्याची शक्यता हे आपणही शस्त्र बाळगण्यामागचे एक कारण म्हणून सांगितले. म्हणजे ज्या धाकाने काही जण परत फिरले, त्याच धाकाने काही जण अधिक तयारीनिशी आले. ग्वाल्हेरसारख्या ठिकाणी या निष्कर्षाचे महत्त्व वाढते. व्यापाऱ्याकडे बंदूक असणार हे जेथे सर्वांनाच ठाऊक आहे, तेथे लुटारूही ते गृहीत धरूनच बेत आखणार. तो एकटा येणार नाही, कट्ट्याशिवाय येणार नाही, आणि समोरून न येता मागून येईल. धाक सार्वत्रिक झाला की त्यातील आश्चर्य संपते आणि आश्चर्य संपले की धाकाचे बळही घटते.

मारा: सेकंदांचे गणित

धाक फसला की उरतो तो मारा, आणि येथे चित्रपटांनी रुजवलेल्या समजुतींना सर्वाधिक धक्का बसतो. गोळी लागली की माणूस जागीच कोसळतो, ही त्यांतील पहिली समजूत. अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने १९८९ मध्ये पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या जखमांविषयी एक अहवाल तयार केला. त्याचा निष्कर्ष असा की, मेंदूला किंवा मज्जारज्जूच्या वरच्या भागाला इजा झाली तरच माणूस तत्काळ निष्क्रिय होण्याची खात्री देता येते. हृदय निकामी झाले, तरी मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर माणूस १० ते १५ सेकंद हालचाल करू शकतो. तेवढ्या अवधीत हल्लेखोर चाकूचे कितीतरी वार करू शकतो किंवा आपल्या शस्त्रातील सर्व गोळ्या झाडू शकतो.

या अहवालामागे एक कटू अनुभव होता. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामी येथे दोन बँकलुटारूंशी एफबीआयच्या आठ जणांच्या पथकाची चकमक झाली. एका लुटारूला सुरुवातीच्या टप्प्यातच छातीत गोळी लागली. ती फुफ्फुसातून जाऊन हृदयाच्या अलीकडे थांबली. जखम प्राणघातक होती, तरीही त्यानंतर तो लढत राहिला. दोन अधिकारी ठार झाले आणि पाच जखमी झाले. हे सारे प्रशिक्षित, सशस्त्र आणि सावध असलेल्या माणसांच्या बाबतीत घडले.

दुसरी समजूत नेमाविषयीची. रँड या संशोधनसंस्थेने न्यूयॉर्क पोलिसांच्या १९९८ ते २००६ या काळातील गोळीबारांचा अभ्यास केला. समोरून गोळीबार होत असताना पोलिसांच्या १८ टक्के गोळ्याच लागल्या. समोरून गोळीबार होत नसताना हे प्रमाण ३० टक्के होते. भीतीने नाडी वाढते, हाताची बारीक कामे करण्याची क्षमता घटते, नजर आक्रसते. नियमित सराव करणाऱ्या पोलिसांची ही अवस्था होत असेल, तर वर्षातून एकदा दसऱ्याला शस्त्र पुसून पूजेत ठेवणाऱ्या गृहस्थाची काय होईल, याचा विचार प्रत्येकाने करावा.

तिसरी समजूत वेळेची. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले की, चाकूधारी हल्लेखोर २१ फुटांचे अंतर सुमारे दीड सेकंदात पार करतो. कमरेचे पिस्तूल काढून नेम धरण्यास सराव झालेल्या माणसालाही साधारण तेवढाच वेळ लागतो. बाजाराच्या गल्लीत २१ फूट अंतर मिळत नाही. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात दुचाकीची किल्ली आणि बंदूक पिशवीत किंवा कपाटात, अशा स्थितीत पहिली चाल लुटारूची असते.

शिवाय पेठेतील मारा एकट्या लुटारूपुरता राहत नाही. बारा बोरच्या काडतुसातील छर्रे अंतरागणिक पसरतात. ३१५ बोरच्या रायफलीची गोळी नेम चुकल्यास फार दूरवर जाते. हमाल, हातगाडीवाले आणि गिऱ्हाइके यांनी भरलेल्या रस्त्यावर चुकलेल्या प्रत्येक गोळीला कोणीतरी धनी असतोच.

हार्वर्ड विद्यापीठाचे डेव्हिड हेमेनवे आणि त्यांच्या सहसंशोधक सारा सोल्निक यांनी अमेरिकेच्या २००७ ते २०११ या काळातील राष्ट्रीय गुन्हेपीडित पाहणीचा अभ्यास केला. पीडित व्यक्ती समक्ष हजर असलेल्या १४ हजारांहून अधिक घटनांत बंदुकीने प्रतिकार झाला तो १२७ घटनांत, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. प्रतिकारानंतर इजा होण्याचे प्रमाण बंदूक वापरणाऱ्यांत ४.१ टक्के, तर कोणत्याही मार्गाने प्रतिकार करणाऱ्यांत ४.२ टक्के आढळले. मालमत्ता गमावण्याचे प्रमाण बंदुकीमुळे कमी झाले, पण इतर शस्त्र वापरणाऱ्यांतही ते जवळपास तितकेच कमी होते. ज्या देशात बंदुका सर्वाधिक आहेत, तेथील हे चित्र आहे.

दोन अपेक्षांचा विरोध

धाकासाठी बंदूक दिसावी लागते. माऱ्यासाठी ती दिसू नये हेच बरे, कारण दिसलेली बंदूक लुटारूला सावध करते आणि पहिला वार कोणावर करायचा हेही सांगते. धाकाला जुनी, गंजलेली दुनळीही पुरते. माऱ्याला निगा राखलेले शस्त्र, ताजी काडतुसे आणि अविरत सराव लागतो. धाक वर्षभर काम करतो. माऱ्याला मिळतात दोन-तीन सेकंद. म्हणून जो माणूस धाकासाठी बंदूक घेतो आणि माऱ्याची वेळ आल्यास ती उपयोगी पडेल असे मानतो, तो स्वतःची फसवणूक करत असतो.

यात एक मानसिक धोकाही आहे. बंदुकीचा सर्वांत मोठा परिणाम पुष्कळदा ती बाळगणाऱ्याच्याच मनावर होतो. त्याला सुरक्षित वाटते, आणि सुरक्षित वाटणारा माणूस सावधगिरी सोडतो. उशिरा निघतो, एकटा निघतो, वादात माघार घेत नाही. ग्वाल्हेर-चंबळ पट्ट्यातील लग्नांत होणारा ‘हर्ष फायर’ हे याचे टोक. आनंदाच्या भरात हवेत झाडलेल्या गोळ्यांनी वऱ्हाडी दगावल्याच्या बातम्या वारंवार येतात. संरक्षणासाठी घेतलेले शस्त्र आपल्याच मांडवात माणूस मारते. शस्त्र घरात असले की घरातील भांडण, नैराश्य आणि मुलांची जिज्ञासा यांचाही संबंध त्याच्याशी येतो. लुटारू वर्षानुवर्षे येणार नाही, पण घरातील माणसे रोज त्या कपाटासमोरून वावरणार आहेत.

कायदा काय म्हणतो

१९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना मिळाला, तरी शस्त्र चालवण्याची मोकळीक मिळत नाही. शस्त्र बाळगणे हा भारतात मूलभूत हक्क नाही, याची आठवण सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्येही करून दिली. २०१६ च्या शस्त्र नियमांनी सार्वजनिक ठिकाणी शस्त्र परजण्यास मनाई केली आणि परवान्यासाठी सुरक्षितता प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आवश्यक केले. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली आणि समारंभातील बेजबाबदार गोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली.

स्वसंरक्षणाचा हक्क १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. हा हक्क भक्कम आहे. जीव जाण्याची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती असेल, तर हल्लेखोराचा मृत्यू झाला तरी तो गुन्हा ठरत नाही. जबरी चोरीच्या प्रसंगी मालमत्तेच्या रक्षणासाठीही हीच मुभा आहे. पण कलम ३७ दोन मर्यादा घालते. पोलिसांची मदत घेण्यास वेळ असेल तेथे हा हक्क नाही, आणि बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही. धोका टळल्यावर पळणाऱ्याच्या पाठीत झाडलेली गोळी या चौकटीत सहसा बसत नाही. कलम १३० नुसार हावभावाने किंवा तयारीने समोरच्याला बळाच्या वापराची भीती घालणे हाही हल्लाच. किरकोळ वादात बंदूक रोखणाऱ्याला ‘मी फक्त दाखवली’ असे म्हणून सुटता येत नाही. थोडक्यात, कायदा उघड धाकाला जागा देत नाही आणि माऱ्याला फक्त अखेरच्या क्षणी देतो.

पेठेचे खरे संरक्षण

मग व्यापाऱ्याने काय करावे? लुटारूच्या हिशेबात तीन आकडे असतात: मिळणारी रक्कम, लागणारा वेळ आणि पकडले जाण्याची शक्यता. बंदूक यांपैकी एकालाही थेट हात लावत नाही. रोकड कमी ठेवणे, दिवसातून दोनदा बँकेत भरणे आणि डिजिटल व्यवहार वाढवणे यांनी पहिला आकडा घटतो. भक्कम तिजोरी, बंद होणारे दार आणि ठरलेली वाट व वेळ बदलत राहणे यांनी दुसरा वाढतो. उजेड, कॅमेरे, पेठेचा सामायिक पहारा आणि शेजारच्या दुकानदारांसोबत एकत्र निघण्याची सवय यांनी तिसरा वाढतो. शिक्षेच्या कठोरपणापेक्षा पकडले जाण्याची खात्री गुन्ह्याला अधिक आळा घालते, हा गुन्हेगारीशास्त्रातील सर्वांत पक्का निष्कर्षांपैकी एक आहे. हा धाक रोज दाखवावा लागत नाही आणि त्याची गोळी चुकून कोणाला लागत नाही.

काहींना खरोखरच शस्त्राची गरज असते. प्रत्यक्ष धमकी असलेले, एकाकी ठिकाणी राहणारे किंवा मौल्यवान मालाची ने-आण करणारे लोक त्यात येतात. त्यांनी माऱ्याची पूर्ण किंमत मोजण्याची तयारी ठेवावी: सराव, कुलूपबंद कपाट, घरातील माणसांची शिस्त आणि कायद्याचे ज्ञान. यांपैकी एकही गोष्ट जमणार नसेल, तर परवाना मागण्यापूर्वी थांबलेले बरे.

गोव्याच्या सत्तरी, सांगे, धारबांदोडा या भागांतील शेतकऱ्याला या साऱ्याचा अनुभव वेगळ्या रूपात आहे. माकडांना पिटाळण्यासाठी काढलेला बार पहिल्या आठवड्यात कळपाला पळवून लावतो. काही दिवसांनी आवाजामागे काही होत नाही हे कळपाला उमगते आणि केळीच्या घडांवर तो पुन्हा निर्धास्त बसतो. बुजगावण्याचेही तसेच. धाक टिकतो तो समोरच्याच्या अज्ञानावर, आणि अज्ञान फार काळ टिकत नाही. निवडणुकीच्या आचारसंहितेत परवान्याची शस्त्रे पोलिसांकडे जमा करण्याचे आदेश निघतात, तेव्हा शेतीरक्षणासाठी बंदूक बाळगणाऱ्यांची तक्रार अशी असते की, पीक ऐन भरात असताना हत्यार काढून घेतले जाते. ती तक्रार रास्त आहे, कारण तेथे बंदुकीचे काम ठरलेले आहे. शहरातील घरासाठी किंवा दुकानासाठी परवाना मागणाऱ्यानेही आपल्या बंदुकीचे काम आधी ठरवावे. ‘लोकांना कळावे म्हणून’ हे उत्तर असेल, तर पेठेतील दिवा आणि पहारेकरी ते काम अधिक स्वस्तात करतात. ‘वेळ आली तर चालवण्यासाठी’ हे उत्तर असेल, तर ती वेळ दीड सेकंदाची असेल, हे ध्यानात ठेवूनच अर्जावर सही करावी.